मुलाच्या हाती मोबाइल देताना

भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीत काय, मुंबईत काय, मुलाच्या हातातला फोन बहुधा आईचा किंवा बाबांचा असतो आणि त्यातच यूपीआयही असते. म्हणून आधी पेमेंट ॲपला वेगळे कुलूप घाला. मुलाचा स्वतःचा फोन असेल, तर नवे ॲप आणि वापराची वेळ गूगलच्या ‘फॅमिली लिंक’मधून ठरवता येते.

गेममधल्या अनोळखी ‘दादा’ने फोटो किंवा ओटीपी मागितला, तर घरी लगेच सांगायचे, हे आधीच बोलून ठेवा. मुलाने सांगितलेच, तर ओरडू नका. मार बसेल या धास्तीने मुले गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याचे फावते. चॅट पुसू नका. समोरच्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा.

पैसे गेले तर १९३०, मूल संकटात असेल तर १०९८ फिरवा. मुलांच्या अश्लील छायाचित्रांबद्दल राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.