पोरी, सुई टोचली तर आधी सांग!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ होती. देवापाशी दिवा लावून वळते तोच मागच्या गल्लीतली मुलगी दारात येऊन उभी राहिली. जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती ती. तिचा ॲडमिशनचा फॉर्म मीच भरून दिला होता, त्यामुळे माझ्याकडे तिचं हक्काचं येणं-जाणं. पण त्या दिवशी तिचा चेहरा पार उतरलेला.

“काकू, आईला सांगू नका हं,” म्हणाली आणि उजव्या हाताचं बोट पुढे केलं. शनिवारी दुपारी वॉर्डात इंजेक्शन दिल्यावर सुईला परत टोपण लावताना सुई बोटात घुसली होती. रक्त आलं, तिनं ते पुसलं आणि गप्प बसली.

“सिस्टरना सांगितलंस?”

“नाही. ओरडल्या असत्या. आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात असतात ना...”

मला एवढंच ठाऊक होतं, की अशा सुईतून कावीळ होऊ शकते, एचआयव्हीही होऊ शकतो. मी आधी तिला तिच्या आईकडे नेलं. नंतर आमच्या ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही चौघं थेट सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “खरं तर दोन तासांत यायला हवं होतं. पण बहात्तर तासांच्या आत आलात, हे बरं झालं.” एचआयव्ही टाळण्याची औषधं टोचल्यानंतर जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि बहात्तर तास उलटले की त्यांचा उपयोग राहत नाही. लागली तर ती अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. त्यांनी औषध लगेच सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ज्या पेशंटची ती सुई होती त्याची परवानगी घेऊन त्याचं रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं, औषध थांबलं. पण ती रात्र त्या मायलेकींनी कशी काढली, ते मी पाहिलंय.

मला राग आला तो स्वतःचा. फॉर्म भरताना फी विचारली, होस्टेल पाहिलं, मेसचं जेवण कसं आहे याचीही चौकशी केली. पण ही पोर वॉर्डात कामाला उभी राहील, तिथे तिच्या जिवाची काळजी कोण घेणार, हे विचारायचं सुचलंच नाही.

मैत्रिणींनो, आपल्या छोट्या गावांतून कितीतरी मुली एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंगला जातात. अठरा वर्षांची पोर एकदम वॉर्डात जाते. म्हणून डॉक्टरांकडून, दोन अनुभवी सिस्टरांकडून मी जे समजून घेतलं, ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, लस. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिच्या लशीचे तीन डोस असतात. पहिला घेतल्यावर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डाची ड्यूटी लागण्याआधी ते सुरू झाले पाहिजेत. आमच्या या मुलीचा एकही झाला नव्हता.

दुसरी, सुई. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. ती तिथल्या तिथे नीडल कटरमध्ये किंवा सुया टाकायच्या पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. तरी टोचलीच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धुवायचं. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही. आणि लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. ओरडा बसला तर बसू दे!

तिसरी, हात. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचेच. साबणाने चाळीस ते साठ सेकंद. बांगड्या, अंगठ्या आणि वाढवलेली नखं यांखाली जंतू राहतात. “मोकळे हात बरे दिसत नाहीत गं,” असं आपणच मुलींना म्हणतो. वॉर्डात मोकळे हातच बरे.

औषध देतानाचा नियम सिस्टरांनी बोटांवर मोजून दाखवला. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. त्यात एक मेख आहे. “तुम्ही शांताबाई ना?” असं विचारलं, की गुंगीतलं किंवा कमी ऐकू येणारं माणूस नुसती मान डोलावतं. म्हणून “तुमचं पूर्ण नाव काय?” असं विचारून ते केस पेपरशी ताडून पाहायचं. आपल्याकडे एका वॉर्डात दोन शांताबाई पाटील सहज सापडतात! नातेवाईक म्हणतात, “सिस्टर, सलाईन जरा फास्ट करा, आमची एसटी जाईल.” सलाईनचा वेग डॉक्टरांनी ठरवलेला असतो. हृदयाच्या, किडनीच्या पेशंटला तो वाढवणं जिवावर बेतू शकतं.

जे शिकवलेलं नाही, ते एकटीने करायचं नाही. “सिस्टर, मी हे अजून केलेलं नाही, तुम्ही सोबत थांबाल का?” हे म्हणण्यात कमीपणा नाही. चूक झाली तर ती लपवायची नाही. चुकीची गोळी दिली हे पाच मिनिटांत कळलं तर डॉक्टर काही करू शकतात, दुसऱ्या दिवशी कळून काय उपयोग?

आता थोडं नाजूक. पेशंट पुरुष असो वा बाई, अंग पुसताना पडदा ओढायचा, आधी सांगायचं, परवानगी घ्यायची. आपला मोबाइल नंबर पेशंटच्या नातेवाइकाला द्यायचा नाही. आणि कुणी, मग तो पेशंट असो, कर्मचारी असो की डॉक्टर, नको तसं वागला तर गप्प बसायचं नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. त्या समितीत कोण कोण आहे, हे मुलीला पहिल्याच महिन्यात माहीत हवं.

आणि शेवटची गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी. मुलगी सुट्टीत घरी आली, की आपण चहा ओतता ओतता विचारतो, “अगं, त्या अमक्यांची सून ॲडमिट होती म्हणे, काय झालं होतं गं तिला?” मीही विचारलंय, खोटं कशाला बोलू? पण पेशंटचं दुखणं ही त्याची खाजगी गोष्ट. एचआयव्हीबाबत तर २०१७च्या कायद्यानेच गुप्तता बंधनकारक आहे. वॉर्डात काढलेला एखादा फोटो, एखादी रील संध्याकाळपर्यंत गावभर जाते. मुलीने तोंड आवरावं असं वाटत असेल, तर आधी आपण प्रश्न आवरायला हवा.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. लशीचे तिन्ही डोस झाले. परवा भेटली तेव्हा सांगत होती, “काकू, नव्या बॅचच्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, सुई टोचली तर रडत बसू नका, आधी सांगा.” तिच्या आईनेही आता एक सवय लावून घेतलीय. लेकीचा फोन आला की “जेवलीस का?” याच्या पाठोपाठ ती विचारते, “आज वॉर्डात काय झालं? काही चुकलं असेल तरी सांग, मी रागावणार नाही.”

तुमची लेक, भाची, पुतणी नर्सिंगला असेल, तर आजच्या फोनवर हे विचाराल ना?