स्तनांची हाताने तपासणी

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती दाखवली जात नाही, आणि उपचाराला सर्वांत सोपा असलेला काळ हातचा जातो. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ साली देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. ती गाठ वेळीच सापडावी म्हणून २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी सुचवली आहे. आशाताई घरी येऊन माहितीचा अर्ज भरतात आणि प्रशिक्षित आरोग्यसेविका आडोशाच्या खोलीत तपासणी करते.

पाळी येत असल्यास ती संपल्यानंतरचे काही दिवस तपासणीला बरे, कारण तेव्हा स्तन मऊ असतात. आधी नुसते पाहायचे असते. स्त्रीला बसवून हात खाली सोडायला, मग डोक्यावर न्यायला, शेवटी कमरेवर दाबून धरायला सांगतात. हात हलले की आतून ओढली गेलेली त्वचा खळगा दाखवते. आकारात नव्याने पडलेला फरक, आत वळलेले स्तनाग्र, लाली, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, यांची नोंद होते.

मग स्त्री उताणी झोपते व त्या बाजूचा हात डोक्याखाली घेते. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान वर्तुळे काढत, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत चाचपतात. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, उभ्या पट्ट्यांत बोटे फिरतात. मधली जागा सुटता कामा नये. काखेकडच्या वरच्या भागात कर्करोग जास्त आढळतो, म्हणून तिथे विशेष लक्ष द्यावे लागते. शेवटी काखेतल्या आणि गळ्याच्या हाडावरच्या गाठी तपासतात.

गाठ लागली म्हणजे कर्करोगच असे नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. पण कोणती साधी, हे बोटांवरून ठरत नाही. त्यासाठी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी करतात, आणि शंका असल्यास सुईने तुकडा काढून बायोप्सी. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते.

या साध्या तपासणीचा कस मुंबईत लागला. टाटा मेमोरियल सेंटरने १९९८ साली शहरातील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि ५० व त्यापुढील स्त्रियांत त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. ५० च्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही.

हा लाभ एकदाच तपासून मिळालेला नाही. तपासणी ठरल्या वेळी पुन्हा करावी लागते, आणि गाठ लागलेल्या स्त्रीला बायोप्सीपर्यंत व उपचारापर्यंत पोहोचवावे लागते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात नवी गाठ, स्तनाग्रातून रक्ताचा स्राव किंवा त्वचेतला बदल दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.