फ्यूज उडाला, पट्टा तुटला : दोष कोणाचा?

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी पिंपळनेर हे बाजारपेठेचे गाव आहे. तिथल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही गेलो होतो. विजेचा भरवसा नको म्हणून मंडपामागे जनरेटर ठेवला होता. एक डिझेल इंजिन, शेजारी अल्टरनेटर आणि दोघांच्या पुल्यांवरून फिरणारे पट्टे, अशी त्याची नेहमीची रचना.

पहिले नृत्य रंगात आले आणि फ्यूज उडाला. नवी तार घातली. ती पाच मिनिटांत वितळली. "तार बारीक शे, जाड टाक," कोणीतरी सुचवले. जाड तार घातली, दिवे लागले, टाळ्या पडल्या. पण थोड्याच वेळात मंडपामागून कर्कश आवाज येऊ लागला, मग जळक्या रबराचा वास आला आणि शेवटी पट्टा तुटला. 'पट्टाच खराब होता' असा निकाल सर्वांनी देऊन टाकला.

हा निकाल बरोबर होता का? आपण हिशेब करून पाहू. जनरेटर ५ केव्हीएचा होता. असा संच साधारण ४ किलोवॅट भार पेलतो. रंगमंचाच्या लाइनवर सुरुवातीला १००० वॅटचे दोन हॅलोजन होते. २००० ला २३० व्होल्टने भागले की ८.७ अँपिअर येतात. त्यासाठी १० अँपिअरची, म्हणजे ०.३५ मिलिमीटर व्यासाची कल्हईदार तांब्याची फ्यूजतार योग्यच होती. नृत्यासाठी आणखी दोन हॅलोजन जोडले आणि प्रवाह १७.४ अँपिअर झाला. दुसऱ्या लाइनवरचे पंखे, ट्यूबलाइट, अँप्लिफायर मिळवले तर एकूण भार ५ किलोवॅटच्या घरात गेला. फ्यूज बिघडला नव्हता. तो आपले काम करत होता.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तार किती प्रवाहाला वितळेल याचा नियम विल्यम प्रीस यांनी १८८० च्या दशकात मांडला : हा प्रवाह व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो. त्यानुसार ०.३५ मिलिमीटरची तांब्याची तार सुमारे १७ अँपिअरला वितळते. तिच्या दुप्पट जाडीची तार मात्र सुमारे ४७ अँपिअरपर्यंत टिकते! तोवर कापडी मंडपातून नेलेली वायर तापून पेटू शकते. वायरच्या आधी फ्यूजने वितळावे, यासाठीच तर तो असतो.

फ्यूजचे तोंड बंद केल्यावर जादा भार कुठे गेला? पट्ट्यावर. अल्टरनेटरकडून जास्त वीज मागितली की तो फिरवायला जड होतो. व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट धरून शक्ती वाहून नेतो. घर्षण अपुरे पडले की तो घसरतो, तापतो आणि झिजतो. समजा इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते, त्याची पुली ३५ सेंटिमीटरची व अल्टरनेटरची १५ सेंटिमीटरची आहे. मग अल्टरनेटर सुमारे १५१७ फेरे घेईल. चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० फेरे लागतात. पट्टा ५ टक्के घसरला तर फेरे १४४१ वर येतील आणि वारंवारता ४८ हर्ट्झ होईल. दिवे मंदावतील, पंखे हळू फिरतील. ही पट्ट्याची तक्रार समजावी.

पट्टा तपासण्यापूर्वी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. कडा चकचकीत झाल्या असतील तर पट्टा घसरतो आहे. एकच कड झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. दोरी ताणून ते कळते. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर मीटरभर अंतरात सुमारे दीड सेंटिमीटर दबला, तर ताण ठीक आहे. फार ताणल्यास बेअरिंग जातात. तेल लागले असेल तर पुसावे. जोडीतला एक पट्टा तुटला तर दोन्ही बदलावेत. नाहीतर नव्यावरच सारा भार येतो.

हे वर्गातही दाखवता येईल. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्टील वूलचा एक तंतू फरशीच्या तुकड्यावर ठेवून बॅटरीच्या दोन सेलना जोडा. तो लाल होऊन तुटेल. आता चार-पाच तंतू पिळून जोडा. तुटायला वेळ लागेल, किंवा ते तुटणारच नाहीत आणि सेल तापू लागतील. लगेच काढून घ्या. दोन रिळे खिळ्यांवर बसवून रबरबँडने फिरवा व एक रीळ बोटाने अडवा. घसरणे डोळ्यांना दिसेल. घरातल्या विजेवर मात्र हे प्रयोग मुळीच करू नयेत.

त्या संध्याकाळी दोन हॅलोजन काढले, योग्य जाडीची तार आणि नवे पट्टे घातले. उरलेला कार्यक्रम निर्विघ्न पार पडला. पुढच्या वेळी फ्यूज उडाला की तार शोधण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारू या : तो का उडाला असेल?