परदेशी वर्गात आपली भाषा शिकवताना

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता शिष्यवृत्ती मिळवून परदेशी जाऊ लागली आहेत. पदवीसाठी जाण्याचा मार्ग बहुतेकांना माहीत असतो. परंतु परदेशी विद्यापीठात आपल्याकडील भाषा शिकवण्यासाठी सहायक शिक्षक म्हणून जाण्याचाही एक मार्ग आहे. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, भाषा विषयात एम.ए. झालेल्या तरुणांनी त्याचा जरूर विचार करावा, म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेत परदेशी भाषा सहायक शिक्षकांसाठी स्वतंत्र शाखा आहे. भारतात फुलब्राइटचे काम १९५० साली स्थापन झालेले प्रतिष्ठान पाहते. ते आज यूएस-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन या नावाने ओळखले जाते. मुक्काम सुमारे नऊ महिन्यांचा, म्हणजे एका शैक्षणिक वर्षाचा असतो. आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास अध्यापन किंवा मुख्य शिक्षकाला साहाय्य करायचे आणि प्रत्येक सत्रात स्वतःही काही विषय शिकायचे, असे त्याचे स्वरूप आहे. निर्वाह-वेतन व आरोग्य विमा मिळतो, पदवी मात्र मिळत नाही. कोणत्या भाषांसाठी अर्ज मागवले आहेत, वयाची अट काय, हे त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावे.

या कामासाठी गेलेल्या माणसाला एकाच वेळी गुरू आणि शिष्य व्हावे लागते. सकाळी तो वर्ग घेतो आणि दुपारी दुसऱ्याच्या वर्गात बाकावर बसतो. ही दुहेरी भूमिका ज्याला मनापासून पटते, तो तिकडे लवकर रुळतो. धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र याची साक्ष देते. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा मनुष्य बुद्धधम्माच्या शोधात सिंहलद्वीप व ब्रह्मदेशापर्यंत गेला आणि पाली शिकून आला. १९१० साली प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते हार्वर्ड विद्यापीठात गेले व 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीच्या कामाला लागले. पुढे ते पुन्हा अनेकदा अमेरिकेस गेले, १९२९ साली लेनिनग्राडलाही गेले. पाली शिकवता-शिकवता अमेरिकेत त्यांनी समाजवादाचा अभ्यास केला, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

आता शिकवण्याविषयी. मातृभाषा येते म्हणजे ती शिकवता येते, हा समज पहिल्याच आठवड्यात गळून पडतो. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' यांत खाणारा एकच असताना क्रियापद का बदलले, असे परदेशी विद्यार्थी विचारतो. 'मला भूक लागली' येथे 'मी' का नाही? 'चहा' आणि 'चमचा' यांतील 'च' एकसारखा का उच्चारत नाहीत? इंग्रजी कानाला 'त' आणि 'ट' यांतला फरक सुरुवातीला ऐकूच येत नाही. हिंदी शिकवायला जाणाऱ्यालाही 'ने' प्रत्ययाचे कोडे असेच उलगडून सांगावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी व्याकरणाचे पुस्तक पुन्हा उघडावे आणि घरातल्या शाळकरी मुलांना समजावून सांगण्याचा सराव करावा.

येथे आपल्या वऱ्हाडच्या मुलांच्या मनातील एक गाठ सोडवली पाहिजे. 'मले', 'तुले', 'काय करून राहिला' असे बोलणाऱ्याला आपली भाषा अशुद्ध वाटते आणि तो मुलाखतीतच दबून जातो. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध झाले. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. वर्गात प्रमाणभाषा शिकवावी आणि मराठीला अनेक बोली आहेत हेही ताठ मानेने सांगावे. बोलीची लाज धरणाऱ्याच्या तोंडून परक्याला भाषेची गोडी लागणे कठीण.

राहणीच्या बाबतीत काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. तिकडे प्राध्यापकाला नावाने हाक मारणे हा उद्धटपणा समजत नाहीत. शंका विचारायला ठरलेल्या वेळी शिक्षकाच्या खोलीत जावे लागते. दुसऱ्याचे लिखाण नाव न देता उतरवणे हा मोठा गुन्हा समजतात. आपल्याकडे वर्गात सर्वांसमोर गुण वाचून दाखवतात, तिकडे १९७४ च्या कायद्यान्वये विद्यार्थ्याचे गुण खासगी मानले जातात. दात आणि चष्मा यांचा खर्च विम्यात बहुधा बसत नाही, तेव्हा दाढेचे दुखणे येथेच निस्तरून जावे. वऱ्हाडातील उन्हाळ्यात वाढलेल्याला तिकडची थंडी बाधते. जाड कोट तिकडेच घ्यावा, पण त्यासाठी पैसे राखून ठेवावेत. घरी फोन करताना लक्षात असावे की उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा वाजलेले असतात.

पैशाची ओढाताण नवी नाही. १९१३ साली न्यूयॉर्कला उतरलेल्या बाबासाहेबांजवळ बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. कोलंबियाच्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना या पारशी तरुणाचा शेजार लाभला आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परगावी एकटेपणा घालवायचा तर केवळ आपल्याच माणसांच्या घोळक्यात राहू नये, हे यातून शिकावे.

आणखी एक प्रश्न उघडपणे बोलला पाहिजे. परदेशातही काही भारतीय मंडळी आडनाव विचारून जात जोखतात. हे घडले तर मुकाट्याने सोसू नये. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली व कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. सिएटल शहराने २०२३ साली तसा कायदाच केला. आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावे. वर्गात कोणी जातीविषयी विचारले तर टाळाटाळ न करता खरे सांगावे. दिवाळीसोबत १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनही विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. तेथे आपण भाषेबरोबर आपला समाजही ओळखीचा करून देत असतो.

कामाचे तास, जबाबदारी, श्रेय हे सारे लेखी असावे. 'विसुद्धिमग्गा'च्या श्रेयावरून मतभेद झाल्यानेच कोसंबी १९१२ साली हार्वर्ड सोडून आले. तो ग्रंथ छापून निघाला १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

परतण्याचीही तयारी ठेवावी. फुलब्राइटवर गेलेल्यास नियमानुसार दोन वर्षे मायदेशी राहिल्याखेरीज अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर किंवा कायम वास्तव्यास जाता येत नाही. आम्हांला हा नियम उपकारकच वाटतो. कोसंबी परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तयार झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. या भाषा चांगल्या रीतीने शिकवणारी माणसे आता लागणार आहेत. एका वर्षात परक्या मुलांना आपली भाषा शिकवून आलेली मुलगी अकोल्याच्या एखाद्या विहारात रविवारी पालीचा वर्ग घेऊ लागली, तर तिच्या प्रवासाचे फळ साऱ्या वस्तीला मिळेल. आपल्या मंडळाच्या सभासदांनी अशा अर्जदारांना पारपत्र, पोशाख आणि प्रवासापूर्वीचा किरकोळ खर्च यांसाठी हात द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.

जयभीम!