फोन पावलं कशी मोजतो?

मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या अनेक जळगावकरांना वाटतं, की नेट आणि जीपीएस बंद केलं तर फोन पावलं मोजणार नाही. जीपीएस लागतं ते नकाशावर मार्ग उमटवायला. पावलांच्या मोजणीला दोन्ही नसले तरी चालतात. ते काम त्वरणमापक (वेगातला बदल टिपणारा संवेदक) करतो. नखाहून लहान चिपमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म भार लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. शरीर हललं की तो किंचित सरकतो आणि त्यातून विद्युत संकेत तयार होतो. डोक्यावर कळशी घेऊन चालताना पावलागणिक पाणी हिंदकळतं, तसंच हे. या हिंदकळण्याच्या लयीवरून पावलं मोजली जातात, आणि लंगडणंही ओळखता येतं.

२०२० पासून आयफोन (८ व त्यानंतरचे) चालण्याचा वेग, पावलाची लांबी आणि दोन्ही पायांच्या गतीतला फरक नोंदवतात. मात्र फोन कमरेजवळच्या खिशात हवा. पिशवीत किंवा हातात असला की अंदाज बिघडतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुधारणा पाहायला या नोंदी मला फार मोलाच्या वाटतात. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. काही आठवड्यांचा आलेख डॉक्टरांना दाखवावा.