किंग्ज सर्कलची कच्चेरी

शीव स्टेशनाच्या पूर्वेला उतरून किंग्ज सर्कलच्या दिशेने निघालं की षण्मुखानंद हॉल लागतो. बहुतेक मराठी माणसांना तो ठाऊक असतो राजकीय मेळाव्यांमुळे आणि पुरस्कार सोहळ्यांमुळे. प्रत्यक्षात तो बांधला कर्नाटक संगीतासाठी. मुंबईत स्थिरावलेल्या दाक्षिणात्य रसिकांनी १९५२ साली षण्मुखानंद फाइन आर्ट्स अँड संगीत सभा काढली आणि १९६३ साली सभेचं स्वतःचं सभागृह उभं राहिलं. दोन बाल्कन्या, आज सत्तावीसशेहून अधिक खुर्च्या. चेन्नईच्या म्युझिक अकादमीतही एवढी माणसं मावत नाहीत!

आमच्या भिवंडीजवळच्या अंजूरकडच्या माणसाने ठाणे गाठून धीमी लोकल धरावी आणि एकदा तरी इथली कच्चेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, ऐकावी. ख्यालाची सवय असलेल्या कानाला पहिला धक्का बसतो तो वेगाचा. इथे विलंबिताची लांबलचक बैठक नाही. वर्णमने आवाज तापवायचा, मग एकामागून एक कृती, म्हणजे बांधीव रचना. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर, श्यामा शास्त्री यांच्या. मधे एखादा राग घेऊन आलापना, मग कृतीतली एकच ओळ फिरवत निरवल, पुढे सरगमची स्वरकल्पना. व्हायोलिन गायकाच्या मागोमाग चालतं, संधी मिळताच स्वतःचं बोलतं. कार्यक्रमाची ही घडण बरीचशी अरियकुडी रामानुज अय्यंगार यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. छोट्या रचना जास्त, प्रत्येकीला मोजका वेळ.

दुसरा धक्का प्रेक्षागृहात. शेजारच्या आजी मांडीवर हात आपटून, बोटं मोजून आदिताल धरत असतात, आणि समेला चुकत नाहीत. आपल्याकडे दाद मिळते ती ‘वाहवा’ने, इथे अर्धं सभागृह हिशेब ठेवत बसलेलं असतं. मुख्य कृतीनंतर मृदंगम् आणि घटम् यांचं तनि आवर्तनम्, म्हणजे फक्त तालवाद्यांचं वादन, सुरू झालं की काही मंडळी हळूच कॉफीकडे सरकतात. वादकांचा या सवयीवरचा राग जुना आहे, आणि रास्तही. कारण खरं गणित तेव्हाच मांडलं जातं.

शेवटच्या अर्ध्या तासात हलक्या रचना येतात, आणि बऱ्याचदा अचानक मराठी ऐकू येतं. तुकोबांचा अभंग, मृदंगमच्या ठेक्यावर. ही आजच्या श्रोत्यांसाठी केलेली सोय नाही. शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ व्यंकोजी याने सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि १८५५पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. अठराव्या शतकात अंजूरचे गंगाजी नाईक वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या बाजूने धडपडत होते, तेव्हाही तिकडे मराठी दरबारच होता. समर्थ संप्रदायाचे मठ तिथे होतेच. पुढे एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार गेले. त्यांच्या साकी, दिंडी, ओवी, अभंगांवरून तंजावर कृष्ण भागवतरांनी (१८४१–१९०३) तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. नारायणस्वामी अप्पांसारखे मराठीभाषक मृदंगवादक तंजावरातलेच. वारसा असा तीनशेहून अधिक वर्षांचा. आपण मात्र अजून हे संगीत ‘त्यांचं’ म्हणतो.

हॉल उभा राहून तीनच वर्षं होतात तोवर १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि दाक्षिणात्यांविरुद्धच्या घोषणांनी दादर-माटुंगा दुमदुमला. पुढे याच हॉलमध्ये शिवसेनेचे वर्धापनदिन साजरे होऊ लागले. मुंबईला असे पेच पचवायची सवय आहे. १९९०च्या आगीत मात्र वास्तूच जळाली. दशक सरता सरता ती पुन्हा उभी राहिली, आणि कच्चेऱ्याही परतल्या.

माझ्या मते सभेचं मोठं काम रंगमंचावरचं नाही, वर्गांमधलं आहे. तिच्या संगीत विद्यालयात टी. एस. कृष्णस्वामींकडे मुंबईच्या दोन लहान बहिणी व्हायोलिन शिकल्या. रंजनी आणि गायत्री पुढे गाण्याकडे वळल्या, चेन्नईत स्थिरावल्या आणि आज कर्नाटक संगीतातल्या आघाडीच्या जोड्यांत मोजल्या जातात. अभंग ही त्यांची खास ओळख. मार्गळी या तमिळ महिन्यातल्या संगीत-मोसमात तमिळ श्रोते त्यांच्याकडून विठ्ठलाची अपेक्षा ठेवूनच येतात.