प्रश्न घेऊन केलेले वाचनच कामी येते

नवी दिल्ली : वर्षभरात अनेक पुस्तके वाचूनही त्यातील फारसे स्मरणात राहत नाही आणि कामात तर त्याहूनही कमी उतरते, असा अनुभव अनेक नोकरदार व व्यावसायिकांना येतो. वेळेची उणीव हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. मात्र वाचनापूर्वी प्रश्न निश्चित नसणे आणि वाचनानंतर उजळणी न होणे, ही दोन कारणे अधिक महत्त्वाची ठरतात.

आधी प्रश्न, मग पुस्तक

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये वाचनाची पाच पायऱ्यांची पद्धत मांडली. मजकुरावर धावती नजर टाकणे, त्यावरून प्रश्न तयार करणे, उत्तरे शोधत वाचणे, पुस्तक मिटून ती स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि काही काळाने उजळणी करणे, असा तिचा क्रम आहे. मॉर्टिमर ॲडलर यांनी ‘हाऊ टू रीड अ बुक’ या ग्रंथात, प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि सूची चाळूनच पुस्तक सखोल वाचायचे की नाही हे ठरवावे, असे सुचवले होते. त्यामुळे अनुपयुक्त पुस्तकावर खर्च होणारा वेळ वाचतो.

लघुउद्योजकाचे उदाहरण

‘व्यवसाय कसा वाढवावा’ हा प्रश्न फार व्यापक आहे. त्याऐवजी ‘मोठ्या खरेदीदाराकडे थकलेले पैसे कसे मिळतील’ हा प्रश्न घेतल्यास वाचनाला दिशा मिळते. त्याचे उत्तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये आहे. या कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला द्यायच्या रकमेसाठी लेखी करार असला, तरी मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. विलंब झाल्यास कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. कलम १८ अन्वये हा वाद राज्यातील सुविधा परिषदेकडे नेता येतो. केंद्रीय कायदे ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. नेमका प्रश्न हाती असेल, तर या मोजक्या कलमांचे वाचन अडकलेले भांडवल सोडवण्यास साहाय्यभूत ठरू शकते.

पुन्हा वाचावे की आठवावे?

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचण्यास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात अधिक मजकूर राहिल्याचे आढळले. ओळी रंगवत वारंवार वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून चार वाक्ये लिहिणे का उपयुक्त, याचे उत्तर येथे मिळते.

बैठकीतही वाचन

संस्थात्मक पातळीवरही वाचनाला स्थान देता येते. ॲमेझॉन कंपनीत जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतील स्लाइड सादरीकरणे बंद केली आणि सहा पानांपर्यंतच्या सविस्तर टिपणाची पद्धत आणली. बैठकीच्या आरंभी उपस्थित सर्वजण ते शांतपणे वाचतात आणि त्यानंतरच चर्चा सुरू होते. गुंतवणूकदार वॉरेन बफे यांच्या दिनक्रमातही कंपन्यांच्या वार्षिक अहवालांच्या वाचनाला मोठे स्थान राहिले आहे.

प्रारंभ कसा करावा?

एका महिन्यासाठी कामाशी निगडित एकच प्रश्न लिहून ठेवावा. त्याच्याशी संबंधित दोन-तीन पुस्तके, अहवाल किंवा कायदे निवडावेत आणि रोज ठरावीक वेळ द्यावा. प्रत्येक बैठकीनंतर काय समजले, काय पटले नाही आणि उद्या कामात कोणता बदल करायचा, हे वहीत टिपावे. महिनाअखेरीस ही टिपणे न पाहता मुद्दे आठवून पाहावेत. निखळ आनंदासाठी केलेल्या कथा-कवितांच्या वाचनाला अशा हिशेबाची गरज नाही. त्याचे मोल स्वतंत्र आहे. मात्र प्रगतीच्या हेतूने हाती घेतलेल्या पुस्तकाकडून, आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का, हे अवश्य तपासावे.